मास्तर, ओळ चारशे बारा

तुम्ही मेलेल्या माणसाला शेवटची शिवी कधी घातलीत? आठवत नाही म्हणू नका. ऑफिसातलं एखादं कपाट उघडत नाही, एखादं मशीन मध्येच बंद पडतं, आणि कुणीतरी म्हणतं, "हे त्यानं करून ठेवलंय. स्वतः सुटला आणि आपल्या गळ्यात मारून गेला." सगळे माना डोलावतात. तो काही दारातून आत येऊन विचारणार नसतो, की बाबांनो, माझी चूक कुठली ते बोट ठेवून दाखवा तरी.

टाचणीच्या कानावर अशा शिव्या रोज पडायच्या. टाचणी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. अंगानं बारीक आणि बोलली की टोचणार, म्हणून पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे तसं म्हणायचे. तिनं ते नाव मानानं मिरवलं. "टोचते म्हणजे कापड एकत्र धरते," असं ती वर ऐकवायची.

नियंत्रण कक्ष म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीवर शहराच्या नळांचा नकाशा उजळलेला, समोर ऑपरेटरांची तीन टेबलं, मागच्या भिंतीशी टाचणीचं एक, आणि फरशीतून पायांना जाणवणारी पंपांची घरघर. ती घरघर इतकी अंगवळणी पडलेली, की थांबली तरच माणसं दचकायची. खिडकीशी एक खुर्ची होती. तिच्या पाठीवर राखाडी स्वेटर. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. बसू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पाहुणा चुकून बसायला लागला तर तिघं एकदम म्हणायचे, "तिथं नको."

ती मास्तरांची खुर्ची.

मास्तर शाळेत शिकवत नव्हते. समजावून सांगायची खोड होती, म्हणून मास्तर. शहरातल्या झडपा कधी उघडायच्या, कधी मिटायच्या, हे सांगणारा सगळा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं लिहिला होता, आणि लिहिला तोही कंसांच्या भाषेत. या जातीच्या भाषांत प्रत्येक गोष्ट कंसात बसते, कंसात आणखी कंस, त्याच्या पोटात आणखी. बघणाऱ्याला वाटावं, कागदावर कुणी नखं कापून टाकलीत. पण त्या भाषेची एक ताकद होती: तिच्यात साचे करता येत. मॅक्रो म्हणतात त्यांना. टेबलावर बसणाऱ्या ऑपरेटरनं एक साधी ओळ लिहायची, 'माणूस खाली, वरची झडप अमुक, मागची झडप तमुक', की साचा ती ओळ गिळायचा आणि तिच्या जागी पानभर तपासण्या लिहून मोकळा व्हायचा. दोन्ही झडपांना कुलूप, वेळापत्रक थांबवा, दाब बघा, भोंगा द्या. ऑपरेटरला प्रोग्राम लिहिता येत नसला तरी चालायचं. मास्तरांच्या बायकोला तरी कुठं येत होता? तीसुद्धा याच खोलीत, मधल्या टेबलावर ऑपरेटर. तिला सगळे वहिनी म्हणायचे, साहेबसुद्धा.

साच्यांची फाईल मास्तरांनी स्वतःच्याच टोपणनावानं ठेवली होती. हौस. ऑपरेटरांच्या फायलीही ज्याच्या त्याच्या हाकेच्या नावानं.

आता गोम ऐका. भाषा जेव्हा लिहिलेलं वाचते, तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या कानाला एक चिठ्ठी बांधते: हा अमक्या फायलीतून, अमक्या ओळीवरून आला. मास्तरांचा साचा तो तुकडा हातात घेई, चिठ्ठ्या सोलून फेकून देई, आणि नुसत्या गाभ्यातून नवीन मजकूर घडवी. सोललेलं काम हाताला सोपं पडतं. पण नव्या मजकुराला मग चिठ्ठी कुठली? जिथं तो घडला तिथली. म्हणजे साच्याची. ऑपरेटरनं काहीही घोळ घातला, आकडा चुकवला, झडप विसरली, तरी पडद्यावर लाल अक्षरांत उमटायचं तेच:

मास्तर, ओळ चारशे बारा. झडप सापडली नाही.

कारण झडप शोधायचं काम साच्यातल्या त्या एका ओळीवर होतं. अडायचं तिथं, म्हणून पत्ताही तिथला. ठेकेदाराचा माणूस कुठल्याही खड्ड्यात पडला तरी कागदावर पत्ता ठेकेदाराच्या ऑफिसचाच लागतो ना, तसं. खड्डा कुठं आहे ते कुणाला शोधायचंय?

टाचणीनं मास्तरांशी यावरून कितीदा वाद घातला होता. ती त्यांच्या हाताखाली प्रोग्राम सांभाळायला आली तेव्हापासूनच. "मास्तर, चिठ्ठ्या टिकवा हो. चुकलं कुठं ते चुकणाऱ्याला दिसलं पाहिजे."

"ज्यानं चूक केली त्याला कळतंच गं."

"नाही कळत. कळलं असतं तर केली असती का?"

"तू आधी तुझे कंस मिटव," मास्तर हसून म्हणायचे आणि विषय संपायचा. घरी ती आईपुढं धुसफुसायची. आई शिवणकाम करायची. कंस, साचे यातलं तिला काही ठाऊक नव्हतं, पण हा मुद्दा तिला एका फटक्यात कळला होता. "कात्री लावायच्या आधी खडूची खूण पुढच्या तुकड्यावर उतरवायची असते," ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "नाहीतर चार गिऱ्हाइकांचे बाही-गळे एका ढिगात. हे त्या बाप्याला कळत नाही?"

"कळतं. कंटाळा करतात."

"मग तो चांगला माणूस असेल, शिंपी चांगला नाही." आईचं बाही-गळ्यांचं बोलणं टाचणीनं दुसऱ्या दिवशी खोलीत सगळ्यांना ऐकवलं.

मग एका दुपारी मास्तर जिना चढताना मधल्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. वाद अर्धाच राहिला. टाचणीला तेव्हापासून तो जिना चढताना पाठीमागून कुणीतरी 'कंस मिटव' म्हणेल असं वाटायचं. ती पाऊल उचलायची तेच रागानं.

माणूस गेला, फाईल राहिली. लाल अक्षरं येतच राहिली, आणि खोलीत एक चाल पडली. 'मास्तर, ओळ चारशे बारा' उमटलं की उजव्या टेबलावरचा म्हणायचा, "आले मास्तर." डावीकडचा म्हणायचा, "चहा विचारा." आणि 'पुढे चला' या बटणावर बोट. ज्या इशाऱ्यातून काही कळतच नाही, त्याचं माणसं आणखी काय करणार? बहुतेक वेळा काही बिघडायचंही नाही. नव्या आलेल्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं: लाल आलं तर घाबरायचं नाही, ते मास्तर असतात.

वहिनी हसायची नाही. बटण तीही दाबायची, पण दाबण्याआधी नवऱ्याच्या नावावर बोट क्षणभर टेकवायची, कपाळावरचे केस सारावेत तसं.

टाचणीनं साहेबांकडे दोनदा अर्ज केला होता, साचा उघडून दुरुस्त करते म्हणून. साहेब म्हणाले, "चालतंय ना? चालत्या गाडीखाली कशाला शिरतेस?"

मग बेडकाचा अपघात झाला.

बेडूक म्हणजे फिटर. जन्म रस्त्याखालच्या झडपांच्या चेंबरांत, गुडघाभर पाण्यात काढलेला, म्हणून बेडूक. शहरभर दुरुस्तीची कामं चाललेली. सकाळी त्याला एका चेंबरमध्ये उतरायचं होतं, तिथून त्याला दुसरीकडे पाठवलं. त्यानं फोन करून कळवलं, की आता मी इथं उतरतोय. फोन घेतलेल्या माणसानं 'माणूस खाली'ची ओळ लिहिली. वरची झडप घातली. मागची राहिली. साचा अडला, लाल अक्षरं आली, बटण दाबलं गेलं. वरच्या झडपेला कुलूप बसलं, मागची वेळापत्रकानुसार दुपारी उघडली, आणि बेडूक शिडीवर असताना पाणी उलट्या बाजूनं आलं. जीव वाचला. गुडघा शिडीत चिरडला तो कायमचा.

फोन कुणी घेतला होता? कुणालाच आठवेना. त्या सकाळी तीनही टेबलांवर फोन एकसारखे खणखणत होते. बेडकाला आवाजही सांगता येईना. चौकशी लागली. नोंदींमध्ये त्या वेळेला काय होतं? मास्तर, ओळ चारशे बारा.

तीनही टेबलांच्या फायली ओळीओळीनं चाळायला कुणालाच नको होतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "साच्यातच दोष. पुढच्या आठवड्यात बैठक, तसं लिहून मिटवू," ते टाचणीला म्हणाले. मग थोडं हळू, "हे बघ, मेलेला माणूस अपील करत नाही."

"त्याची बायको समोरच्याच खोलीत बसलीय, साहेब."

"म्हणूनच दार लावून बोलतोय."

बेडूक काठी टेकत कधीकधी कक्षाच्या व्हरांड्यात येऊन बसायचा. घरी बसवत नाही म्हणे, डोळा लागला की कानात पाणी येतं. तिथं बसून तो मास्तरांचा उद्धार करायचा. आवाज आत ऐकू यायचा. मधल्या टेबलावर वहिनी नकाशाकडे बघत बसलेली. एकदा ऐकता ऐकता ती उठली आणि टाचणीच्या टेबलाशी आली.

"तो साचा तू दुरुस्त करणार होतीस ना?"

"साहेब परवानगी देत नाहीत, वहिनी."

"परवानगी कशाला? त्या दिवशीच्या फायली साठवणीत आहेत. चालू यंत्राला हात न लावता, त्या फायली दुरुस्त साच्यातून बाजूला चालवता येतील. येतील की नाही?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मास्तराच्या घरात पंचवीस वर्षं काढलीत. बैठकीच्या आधी त्यांचं नाव त्यातून काढ. मला आणखी काही नको."

"वहिनी, नाव काढलं तर तिथं दुसरं कुणाचं तरी येईल."

"येऊ दे," वहिनी म्हणाली. तिचा हात स्वेटरवर होता. बोलता बोलता ती खिडकीपाशी कधी गेली ते दोघींनाही कळलं नव्हतं.

टाचणीनं साचा उघडला. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचणं म्हणजे त्याच्या घरात तो नसताना वावरणं. कुठं घाई केली ते दिसतं, कुठं दमला ते दिसतं. मास्तर कंस मिटवताना ओळीच्या शेवटी सगळे एका ठिकाणी दाबून बसवायचे, दार घट्ट लावल्यासारखे. मध्येच एका जागी त्यांनी टीप लिहिली होती: 'इथं पत्ते गळतात. टाचणी बरोबर म्हणते. नंतर बघू.'

ती खुर्ची मागं सरकवून उठली. खोलीत कुणी काही बोललं नव्हतं, पंप घरघरत होते, आणि तिला वाटलं कुणीतरी तिच्या खांद्यावरून वाचतंय. तिला रागच आला. जिवंतपणी एकदा तोंडानं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आता कुणाशी भांडू?

काम फार अवघड नव्हतं, चिकट होतं. तुकडा साच्यात येताना त्याची चिठ्ठी सोलायची नाही. नवा मजकूर घडवताना जुन्या तुकड्याची चिठ्ठी त्याच्या कानाला बांधायची. साच्याच्या पोटात आणखी साचा असेल तर तिथंही. आणि कुठं अडलं तर दोन्ही सांगायचं: लिहिलं कुठं, आणि अडलं कुठं. आईच्या भाषेत, कात्रीआधी खडू. एक जागा चुकली तरी पुढची सगळी माळ सुटायची आणि पुन्हा मास्तरांचंच नाव वर यायचं. पहिल्या प्रयत्नात तेच आलं. दुसऱ्यातही. "सोडवत नाही ना तुम्हाला," ती पडद्याला म्हणाली. उजव्या टेबलावरच्यानं तिच्याकडे वळून बघितलं आणि मान पुन्हा नकाशात घातली.

बैठकीच्या आदल्या दुपारी तिनं त्या दिवशीच्या फायली पुन्हा चालवल्या. लाल अक्षरं आली. या वेळी दोन ओळी होत्या.

लिहिलं: वहिनी, ओळ सतरा.
अडलं: मास्तर, ओळ चारशे बारा.

टाचणीनं पडदा मिटवला. पुन्हा उघडला. नवरा-बायकोची नावं एकाखाली एक, दारावरच्या पाटीसारखी. तिनं हातानं वहिनीची फाईल उघडून सतरावी ओळ वाचली. बेडकाचं चेंबर, वरची झडप, आणि मागच्या झडपेच्या जागी मोकळी जागा. शेजारच्या चेंबरची ओळ उचलून, जुना आकडा खोडून, नवा घालायच्या आत दुसरा फोन वाजला असणार. एवढंच. एवढंच असतं नेहमी.

मग तिच्या मनात आलं ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नसतं. मास्तर गेल्यावरही बायकोच्या पुढ्यात उभे होते. तिची चूक अंगावर घेऊन, शिव्या खात. आणि आपण त्यांना हाताला धरून बाजूला सारलं. पुसून टाकावं का? साहेबांना हवंय तेच होईल, वहिनीची नोकरी राहील, बेडकाचा गुडघा तसाही परत येणार नाही.

"आलं का?"

वहिनी मागंच उभी होती.

"वहिनी, बसा जरा."

"उभ्यानंच सांग."

टाचणी नुसती बाजूला झाली. वहिनीनं वाचलं. बोट सवयीनं वर गेलं आणि नवऱ्याच्या नावावर टेकायच्या ऐवजी मध्येच थांबलं.

"मला त्या फोनचा आवाज आठवतो," ती म्हणाली. "काय बोललं गेलं ते नाही. नुसता वाजलेला. अपघात झाल्यापासून वाजतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती होती. त्यात फरक आहे, नाही का?" ती पडद्याकडे वळली. "लाल आलं तेव्हा मीच बटण दाबलं असणार. त्यांच्या नावावर बोट ठेवून. केवढं प्रेम बघ. वाचलं मात्र नाही."

"त्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच, वहिनी. ते इतके दिवस तेच तेच सांगत होते. ही चूक त्यांची आहे. पत्ते त्यांनी सोलले."

"मग ती त्यांच्या नावावर लिही. आणि सतरावी माझ्या. मिसळू नकोस. चार गिऱ्हाइकांचे बाही-गळे एका ढिगात, तुझी आई म्हणते ना तसं." ती टाचणीकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. "आता त्यांना म्हणावं, व्हा बाजूला. बरेच दिवस उभे आहात."

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. बेडूक काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता. टाचणीनं दोन ओळी भिंतीवर दाखवल्या आणि समजावून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "वहिनी, कशाला हे? मिटलं होतं."

"तुमचं मिटलं होतं, साहेब."

बेडकानं भिंतीवरच्या दोन्ही ओळी वाचल्या. मग म्हणाला, "मी त्या माणसाला रोज शिव्या घालत होतो. घातल्या की जरा झोप यायची. आता कुणाला घालू?"

"मला घाल," वहिनी म्हणाली. "मी समोर बसलेय. ऐकायला तरी येईल."

बेडकानं काठी फरशीवर टेकवली, उठला, दारापाशी थांबला. "तुम्ही मला फोनवर म्हणाला होता, सांभाळून उतर रे," तो म्हणाला. "आत्ता आठवलं." आणि गेला. त्यानं माफ केलं की आणखी काही, ते त्यालाच माहीत. व्हरांड्यात तो पुन्हा बसायला आला नाही.

वहिनीला टेबलावरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायचं काम. ती म्हणते, सवय आहे. साहेबांना अहवालात लिहावं लागलं, की इशारे वाचता येण्यासारखे नव्हते आणि दुरुस्तीचे अर्ज कार्यालयानं दोनदा बाजूला ठेवले होते. ते वाक्य टाचणीनं त्यांच्याशी भांडून घालून घेतलं. साच्यातल्या पत्त्यांची गळती मास्तरांच्या नावावर लिहिली गेली, तेवढीच. दुरुस्त साचा चालू यंत्रात बसला. आता लाल आलं की ज्याचं त्याचं नाव येतं, ओळीसकट. 'पुढे चला' दाबायला बोट उचलत नाही कुणाचं, आपलंच नाव दाबून पुढे कसं जायचं? चहाचा विनोद बंद पडला. खोली शांत झाली. इतकी, की पहिले काही दिवस सगळे मान वर करून बघायचे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

वरच्या, 'लिहिलं'च्या ओळीत मास्तरांचं नाव येईनासंच झालं.

मग एका दुपारी आलं. लिहिलं: मास्तर. अडलं: मास्तर. दाबाच्या आकड्यांचा अहवाल छापणाऱ्या एका कोपऱ्यात त्यांनी खरोखरच एक चूक करून ठेवली होती, कुणाला इजा न करणारी, नुसता एक रकाना रिकामा सोडणारी. इतरांच्या चुकांच्या ढिगाखाली ती इतकी वर्षं दिसलीच नव्हती. टाचणीनं तक्रारींच्या खोलीत फोन लावला. वहिनी आली. दोघी पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही त्यांचीच?"

"ही त्यांचीच."

"दुसऱ्या कुणाची नाही?"

"नाही, वहिनी. तपासली."

वहिनीनं बोट त्या नावावर टेकवलं आणि या वेळी सावकाश वाचलं, अक्षर न् अक्षर. "संध्याकाळी दुरुस्त कर," ती म्हणाली. "तोवर राहू दे."

खिडकीशी स्वेटर होता तिथंच होता. पंप घरघरत होते.

तुमच्याही खोलीत अशी एक रिकामी खुर्ची असेल. तिच्या नावावर काय काय टाकलंय, ते एकदा उघडून बघा. तिची असेल तेवढी चूक तिच्याकडे राहू द्या, आणि बाकीची उचला, आपापलं नाव वाचा, घेऊन जा.